पानशेतच्या ओढ्यात मासा वाहून का जात नाही? हे कोडं सोडवणारे सुंदरलाल होरा

जुलै महिना. खडकवासला मागे पडतं आणि गाडी पानशेतच्या रस्त्याला लागते. वेल्ह्याच्या डोंगरांवरून पांढरेशुभ्र ओढे खाली उड्या मारत असतात. रील काढायला म्हणून कुणी पाण्यात पाय घालतं आणि लगेच लक्षात येतं की हे पाणी मस्करीचं नाही. पाणी गुडघ्याइतकंच असतं, पण सत्तर किलोच्या माणसाला ते जागेवरून हलवतं.

आता गंमत बघा. सह्याद्रीतल्या अशाच ओढ्यांत, अशाच पाण्यात, बोटाएवढा मासा दगडावर निवांत बसलेला असतो. वजन म्हणाल तर काही ग्रॅम. वरून पाणी कोसळत असतं आणि हा जागचा हलत नाही.

तो वाहून का जात नाही?

प्रश्न लहान मुलाने विचारावा असा आहे. पण एका माणसाने आयुष्यातली पस्तीसेक वर्षं या आणि अशा प्रश्नांमागे घालवली. त्या माणसाचं नाव सुंदरलाल होरा. मत्स्यशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाला हे नाव पाठ असतं, बाकीच्यांनी ते फारसं ऐकलेलं नसतं. पुणेकरांनी तरी ऐकायला हवं, कारण मुळा-मुठेतल्या एका माशाला पुण्याचं नाव होरांनीच दिलंय.

पण होरांची गोष्ट समजून घ्यायची असेल, तर आधी मासा पोहतो म्हणजे नेमकं काय करतो ते बघावं लागेल.

पोहणं फुकट नसतं

पाणी हवेपेक्षा साधारण ८०० पट घन असतं. हवेत हात फिरवा आणि मग बादलीत फिरवा, फरक कळतो. माशाला प्रत्येक क्षणी या पाण्याला बाजूला सारत पुढे जायचं असतं. त्यासाठी तो अंगाला डोक्याकडून शेपटीकडे एक लाट देतो. ती लाट पाण्याला मागे ढकलते आणि मासा पुढे सरकतो.

यात खरी गोम वेगाची आहे. वेग दुप्पट केला तर पाण्याचा अडथळा दुप्पट होत नाही, तो साधारण चौपट होतो. आणि त्या अडथळ्याशी झगडायला लागणारी ताकद जवळपास आठपट होते. म्हणजे थोडंसं जोरात पोहायचं म्हटलं तरी माशाच्या खिशाला मोठी कात्री लागते.

ही ताकद येते कुठून? स्नायूंतून. बांगडा खाणाऱ्यांनी पाहिलं असेल, माशाच्या कुशीला, कातडीच्या आत, एक लालसर काळपट पट्टा असतो. तो तांबडा स्नायू. तो रक्तातल्या ऑक्सिजनवर चालतो, हळू चालतो, पण तासन्‌तास थकत नाही. उरलेलं पांढरं मांस म्हणजे पांढरा स्नायू. शिकाऱ्यापासून पळायचं असेल, धबधब्यावर उडी मारायची असेल, तर तो कामाला येतो. ताकद भरपूर, पण थोड्याच वेळात तो दमतो आणि मग माशाला विश्रांती घ्यावीच लागते.

आता पानशेतच्या ओढ्यातल्या माशाचा विचार करा. त्याला कुठे जायचंच नाहीये. पण नुसतं आहे त्या जागी राहायचं म्हटलं, तरी त्याला ओढ्याच्या वेगाने सतत पोहावं लागेल. ट्रेडमिलवर धावण्यासारखं. चोवीस तास, अख्खा पावसाळा. ज्या माशाचं पोट दगडावरचं शेवाळ आणि किड्यांच्या अळ्यांवर भरतं, त्याला हा खर्च परवडणारच नाही.

मग तो काय करतो? तर तो पोहतच नाही.

हे उत्तर ऐकायला सोपं वाटतं. पण ते माशाच्या अंगावर कुठे कुठे लिहिलेलं आहे, हे वाचणारे पहिल्या फळीतले अभ्यासक म्हणजे होरा.

लाहोरचा विद्यार्थी कलकत्त्याला जातो

सुंदरलाल होरांचा जन्म २२ मे १८९६ चा. गाव हाफिझाबाद, तेव्हाच्या पंजाबातलं, आज पाकिस्तानात. शाळा जालंधरला झाली आणि कॉलेज लाहोरला.

होरांच्या आयुष्याला वळण देणारा प्रसंग १९१९ चा. कलकत्त्यात तीनच वर्षांपूर्वी, १९१६ साली, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया सुरू झाली होती. तिचे संस्थापक संचालक नेल्सन अॅनन्डेल लाहोरला आले होते. तिथे त्यांची या पोराशी गाठ पडली आणि त्यांनी त्याला कलकत्त्याला बोलावून घेतलं.

अॅनन्डेल हे टेबलापाशी बसून काम करणारे गृहस्थ नव्हते. प्राणी बाटलीत घालून त्याला नाव देण्याआधी तो राहतो कुठे आणि जगतो कसा हे बघायला हवं, असा त्यांचा आग्रह असायचा. ते महाराष्ट्रातही फिरले होते. मुंबई इलाख्यातल्या डोंगरी ओढ्यांतल्या जीवांवरचं त्यांचं काम १९१९ सालीच प्रसिद्ध झालं. त्यात खंडाळ्याच्या ओढ्यातला एक छोटा मासा होता. चपट्या पोटाचा, तळाशी चिकटून राहणारा.

हाच मासा पुढे होरांच्या टेबलावर आला. तो आधी ज्या गटात टाकला होता त्यात नीट बसत नाही, हे होरांच्या लक्षात आलं. १९२१ साली त्यांनी त्याच्यासाठी वेगळी प्रजाती मांडली, पॅरासायलोरिंकस. आज लोणावळा-खंडाळ्याला भजी खायला जाणाऱ्या लाखो लोकांना कल्पनाही नसते, पण होरांच्या कामाच्या अगदी सुरुवातीला आपल्या सह्याद्रीतला मासा आहे.

त्याच वर्षी होरांकडे संस्थेतल्या मासे आणि सरपटणारे प्राणी या विभागाची जबाबदारी आली. वय अवघं पंचवीस.

ओढ्यात उतरलेला शास्त्रज्ञ

१९२० मध्ये होरा मणिपूरला गेले. तिथल्या तलावांमधले आणि नद्यांमधले मासे त्यांनी गोळा केले. मग मेघालयातले खासी डोंगर झाले. तिथल्या जोरदार ओढ्यांतल्या जीवांचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला.

बाटलीतला मासा आणि पाण्यातला मासा यांत किती फरक असतो हे इथे कळतं. बाटलीत फक्त आकार दिसतो. त्या आकाराचा उपयोग काय, हे ओढ्यात दिसतं.

होरांना दिसलं ते असं. जोरदार पाण्यात दोन प्रकारचे मासे टिकतात.

पहिले पैलवान. उदाहरणार्थ महासीर. पाणतीरासारखं अंग, जाडजूड शेपटी, भरपूर स्नायू. हे मासे प्रवाहाशी थेट भिडतात, झपकन वर चढतात आणि मग खोल डोहात जाऊन दम खातात. ऊर्जा मिळवायची भरपूर आणि उधळायची पण भरपूर, असा यांचा हिशोब.

दुसरे काटकसर करणारे. हे छोटे असतात, चपटे असतात. ते पाण्याशी भांडत नाहीत. तळाशी दगडाला बिलगून राहतात, कारण तिथे आणि दगडाच्या आडोशाला पाण्याचा वेग वरच्यापेक्षा बराच कमी असतो. यांना होरांनी आयुष्यभर जवळ केलं.

१९२२ मध्ये डोंगरी प्रवाहातल्या माशांच्या शरीरात झालेल्या बदलांवर त्यांनी लिहिलं. आणि १९३० मध्ये या सगळ्या विषयाचा मोठा प्रबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. त्यात फक्त मासे नव्हते. बेडकाची पिल्लं, किड्यांच्या अळ्या, गोगलगायी, जोरदार पाण्यात राहणारं सगळं गणगोत होतं. एकमेकांशी काही नातं नसलेल्या या जीवांनी एकाच अडचणीवर एकसारखे उपाय कसे काढले, हे त्यांनी दाखवून दिलं.

एका माशाची संपूर्ण सर्व्हिसिंग

होरांच्या नजरेने ओढ्यातल्या एका माशाकडे वरपासून खालपर्यंत बघू.

पोट सपाट. खालून मासा फरशीसारखा, वरून उतरत्या छपरासारखा. त्यामुळे अंगावरून जाणारं पाणी त्याला उचलण्यापेक्षा खाली दाबतं.

पोटावरचे खवले कमी किंवा गायब. दगडाला कातडी थेट टेकावी म्हणून.

तोंड समोर नाही, खाली. दगड न सोडता जेवता यावं यासाठी. डोळे मात्र वर सरकलेले, कारण खाली दगडाशिवाय बघण्यासारखं काही नाही.

बाजूचे पंख पसरट आणि आडवे. काही माशांत ते दोन्ही बाजूंना पंख्यासारखे उघडतात. होरांनी यातला एक फार मजेशीर बारकावा टिपला. काही डोंगरी माशांचे पंख बाहेरच्या कडेने दगडाला चिकटलेले असतात, पण आतल्या बाजूने सारखे हलत असतात. कशासाठी? तर पोटाखाली शिरलेलं पाणी बाहेर काढण्यासाठी. मासा जणू स्वतःच्या पोटाखाली छोटा पंप चालवत बसलेला असतो.

आणि आता हवेची पिशवी. बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्यामुळे मासा ना बुडतो ना तरंगतो, आणि पाण्यात एका उंचीवर राहायला त्याला वेगळी ताकद लागत नाही. तळ्यातल्या माशासाठी ही ऊर्जेची मोठी बचत. पण ओढ्यात हीच पिशवी जिवावर उठते. अंगात हवा असेल तर पाणी उचलून नेणारच. म्हणून यांच्यात ती आक्रसते, काहींत तर हाडाच्या डबीत बंद होते.

एकच गोष्ट तळ्यात बचत आणि ओढ्यात संकट ठरते. होरांच्या कामाचं सार या एका पिशवीत सापडतं. ऊर्जा कशी वाचवायची याचं सगळीकडे चालेल असं एकच उत्तर नसतं, ते पाण्यावर अवलंबून असतं.

होरांच्या पुढच्या पिढ्यांनी हेच सूत्र वेगळ्या तऱ्हेने तपासलं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ट्राउट माशाच्या स्नायूंची हालचाल मोजली. अडथळ्यामागे तयार होणाऱ्या भोवऱ्यांमध्ये पोहताना मासा त्या भोवऱ्यांचाच आधार घेतो आणि स्नायू कमी वापरतो, असं दिसलं. म्हणजे पैलवान गटातले मासेही संधी मिळाली की काटकसर करतात.

पुण्याचं नाव लावणारा मासा

आता येऊ मुठेच्या काठावर.

पुण्याच्या माशांची नोंद फार जुनी आहे. विल्यम हेन्री साइक्स नावाचे एक लष्करी अधिकारी होते. १८२० च्या दशकात ते मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होते. या कामाच्या जोडीने त्यांनी भीमा आणि मुळा-मुठेच्या माशांचं वर्णन करून ठेवलं. साइक्स यांची एक चांगली सवय अशी, की इथल्या लोकांच्या तोंडी असलेली नावं त्यांनी शास्त्रीय नावांत घेतली. दगडाला चिकटणारा आपला मल्या मासा जगभरात आजही गारा मुल्या या नावाने ओळखला जातो. ओठांमागे असलेल्या गोल चकतीने तो दगडाला धरून राहतो. या गारा गटातल्या भारतीय माशांवरही होरांनी १९२१ मध्येच सविस्तर लिहिलं होतं.

पण होरांचा खास पुणेरी मासा वेगळा. तो शिंगाळ्याच्या जातकुळीतला, मिशीवाला आणि हाताच्या बोटाएवढा. त्याच्या गटाचं नाव ग्लिप्टोथोरॅक्स. ग्रीक भाषेत याचा अर्थ कोरलेली छाती.

नाव अगदी चपखल आहे. या माशाच्या छातीवर कातडीच्या बारीक बारीक घड्या असतात, टायरवर नक्षी असावी तशा. ओल्या दगडावर टायर जसा पकड घेतो, तशी ही छाती पकड घेते. नंतरच्या काळात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या घड्या पाहिल्या, तेव्हा त्यांच्यावर शिंगासारख्या कडक पदार्थाची अतिसूक्ष्म टोकं दिसली. दगडाच्या खडबडीत पृष्ठभागात ही टोकं अडकतात. मासा पकडीसाठी स्नायू वापरत नाही, कातडी वापरते. त्यामुळे रात्रभर दगडाला चिकटून राहिला तरी त्याची ऊर्जा फारशी खर्च होत नाही.

पुण्यातल्या मुळा-मुठेतून मिळालेले असे मासे होरांनी तपासले आणि ही वेगळी जात आहे हे ओळखलं. १९३८ मध्ये त्यांनी तिला नाव दिलं, ग्लिप्टोथोरॅक्स पूनाएन्सिस.

म्हणजे पुण्याचा कोरीव छातीवाला.

पानशेतची आंबी नदी, शेजारची मोसे आणि मुठा, हे सगळं पाणी एकत्र येऊन पुण्यात पोचतं. ज्या मुठेतल्या माशाला होरांनी पुण्याचं नाव दिलं, ती मुठा याच डोंगरांतल्या पाण्यावर वाढते.

सुश्रुत, सोमेश्वर आणि मासे

होरांची आणखी एक बाजू फार कमी लोकांना माहीत आहे. ते जुने संस्कृत ग्रंथ माशांसाठी वाचायचे.

१९३५ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. विषय होता, माशाचं शरीर आणि त्याची चाल यांचा संबंध प्राचीन भारतीयांना माहीत होता का. आधार होता सुश्रुतसंहितेचा. सुश्रुतांनी आहाराच्या प्रकरणात माशाचा कोणता भाग जड आणि कोणता हलका हे सांगितलंय. पण सांगताना कारणही दिलंय, आणि ते कारण माशाच्या चालीत आहे. नदीतले मासे तोंड आणि शेपटीच्या जोरावर फिरतात म्हणून त्यांचा मधला भाग जड. झऱ्यातले, विहिरीतले मासे फार लांब जात नाहीत म्हणून डोक्याजवळचा थोडा भाग सोडला तर अंग जड. काही मासे तर छातीच्या आधाराने फिरतात म्हणून त्यांचा पुढचा भाग हलका.

जो माणूस माशांच्या छातीवरच्या घड्या मोजत होता, त्याला हे वाचून काय वाटलं असेल याची कल्पना करा.

पुढे १९५१ मध्ये ते मानसोल्लासाकडे वळले. मराठी वाचकांना हा ग्रंथ ओळखीचा आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा, बारावं शतक. त्यात मत्स्यविनोद नावाचं गळ टाकून मासेमारी करण्याबद्दलचं प्रकरण आहे. कोणते मासे, कोणतं आमिष, गळ कसा, सगळं तपशीलवार. होरांनी त्यातली नावं आजच्या माशांशी जुळवायचा प्रयत्न केला.

मात्र आपल्याकडे सगळं आधीच होतं, अशी छाती फुगवण्याचा हा प्रकार नव्हता. नदीकाठी राहणाऱ्या लोकांनी पिढ्यानपिढ्या जे पाहिलं ते ज्ञान आहे आणि शास्त्रज्ञाने त्याची दखल घ्यायला हवी, ही भूमिका त्यांच्या या लेखनातून दिसते.

सातपुड्याचा पूल

होरांचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं ते एका सिद्धान्तासाठी, सातपुडा सिद्धान्त.

प्रश्न असा होता. सह्याद्रीतले काही डोंगरी मासे पूर्व हिमालयातल्या आणि थेट मलेशियाकडच्या माशांसारखे दिसतात. मधल्या हजारो किलोमीटरच्या मैदानात मात्र त्यांचा पत्ता नाही. मग ते इकडे आले कसे?

इथे होरांना ऊर्जेचा हिशोबच कामाला आला. जो मासा दगडाला चिकटून जगायला बनलाय, त्याला मैदानातली संथ, गढूळ, चिखलाच्या तळाची नदी ओलांडता येत नाही. धरायला दगड नाही, खायला शेवाळ नाही आणि दूर पोहत जाण्याची अंगात ताकद नाही. जे शरीर ओढ्यात बचत करतं, तेच मैदानात तुरुंग होतं.

म्हणजे त्याला डोंगरातूनच यावं लागलं असणार. होरांनी मार्ग सुचवला तो असा. आसामकडचे डोंगर, मग विंध्य-सातपुडा, तिथून खाली सह्याद्री. एकेकाळी ही डोंगररांग सलग आणि जास्त ओली असेल, तिच्यात जोरदार ओढे असतील, आणि त्या पुलावरून मासे पिढ्यानपिढ्या सरकत आले असतील. १९४९ मध्ये या सिद्धान्तावर खास चर्चासत्र झालं.

सिद्धान्त बरोबर होता का? पूर्णपणे नाही. पुढे भूगर्भशास्त्रज्ञांना असा सलग उंच पूल असल्याचे पुरेसे पुरावे मिळाले नाहीत. डीएनएचा अभ्यास सुरू झाल्यावर चित्र आणखी गुंतागुंतीचं झालं. वेगवेगळे मासे वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या वाटांनी पसरले असावेत, असं दिसू लागलं. काही साम्यं तर नात्याची नसून एकाच अडचणीवरच्या सारख्या उपायांची निघाली.

पण होरांनी विचारलेला प्रश्न टिकला. भारतातले प्राणी कुठून आणि कसे आले यावर आजही काम सुरू होतं, तेव्हा सुरुवातीला त्यांचं नाव येतं.

पूर, दुष्काळ आणि बाटल्या

दुसऱ्या महायुद्धात जपानी बॉम्बच्या भीतीने कलकत्त्यातून प्राणी सर्वेक्षण संस्था बनारसला हलवली. अनेक वर्षं जमवलेले नमुने वरुणा नदीच्या काठावरच्या एका इमारतीत ठेवले होते. १९४३ मध्ये वरुणेला पूर आला आणि त्यातल्या बऱ्याच संग्रहाचं नुकसान झालं. पाण्यातल्या जीवांचा संग्रह पाण्यानेच बुडवला.

त्या दशकात होरांकडे बंगालच्या मत्स्य खात्याचं संचालकपद होतं. बंगाल त्याच सुमारास भयंकर दुष्काळातून गेला. मासा हा इथे संशोधनाचा नाही, ताटातला विषय होता. तळ्यात मासे कसे वाढवायचे, बीज कुठून आणायचं, हे प्रश्न त्यांनी तितक्याच गांभीर्याने घेतले. मत्स्यशेतीवरचं त्यांचं आणि टी. व्ही. आर. पिल्लई यांचं हस्तपुस्तक पुढे १९६२ मध्ये, होरांच्या मृत्यूनंतर, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने काढलं.

१९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, होरांकडे प्राणी सर्वेक्षण संस्थेची सूत्रं आली. ज्या गावात ते जन्मले ते गाव आता दुसऱ्या देशात होतं. विस्कटलेली संस्था पुन्हा उभी करणं हे काम समोर होतं. १९५४ मध्ये हैदराबादला झालेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. पुढच्याच वर्षी, ८ डिसेंबर १९५५ रोजी, त्यांचं निधन झालं. वय एकोणसाठ.

आणि मग धरण आलं

होरा गेले तेव्हा पानशेतचं धरण उभं राहिलेलं नव्हतं. पुण्यात पानशेत हा शब्द उच्चारला की आजही आठवते ती १२ जुलै १९६१ ची तारीख. आंबी नदीवरचं मातीचं धरण त्या दिवशी फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही फुटलं आणि अर्धं पुणं पाण्याखाली गेलं. नंतर धरण पुन्हा बांधलं गेलं. तो आजचा तानाजीसागर. आज पुण्याच्या नळाला येणारं पाणी याच साखळीतून येतं.

पण धरणाचा दुसरा परिणाम बातमीत येत नाही. तो होरांच्या चष्म्यातून बघितला की दिसतो.

धरण म्हणजे खळाळत्या नदीचं तळं होणं. दगडांवर गाळ बसतो. प्रवाह थांबतो. कोरीव छाती, सपाट पोट, आक्रसलेली हवेची पिशवी, ही सगळी हत्यारं ज्या पाण्यासाठी तयार झाली ते पाणीच तिथे उरत नाही. धरणात सोडलेले कटला आणि रोहू मजेत वाढतात, कारण ते संथ पाण्याचे गडी. ओढ्यातला मासा वरच्या ओढ्यांत अडकून पडतो. शेजारच्या ओढ्यात जायचं तर मध्ये तळं. सातपुडा सिद्धान्तात मैदान जे करत होतं, तेच काम आता जलाशय करतो.

होरांना धरणांचा हा प्रश्न अनोळखी नव्हता. १९४० मध्येच त्यांनी धरणं आणि स्थलांतर करणारे मासे यांच्यावर लिहिलं होतं. धरण बांधताना माशाच्या वाटेचा विचार करावा लागेल, हा मुद्दा देशात मोठी धरणं उभी राहायच्या आधीच त्यांनी मांडला होता.

खाली शहरात तर वेगळाच प्रकार. सांडपाण्याने मुठेचं पाणी काळं झालं. डोंगरी माशाला लागतो भरपूर ऑक्सिजन, आणि सांडपाण्यात तोच संपतो. पुण्यातल्या अभ्यासकांनी मुळा-मुठेतल्या माशांची नव्याने मोजदाद केली, तेव्हा जुन्या याद्यांतले बरेच मासे शहराच्या हद्दीत सापडेनासे झाले होते. आणि पुण्याचं नाव लावणारा होरांचा मासा? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो संकटग्रस्त गटात आहे.

धरण नको असं म्हणून चालणार नाही. पुण्याला पाणी लागतंच. पण धरणाच्या वर अजून जे ओढे खळाळतायत, त्यांच्यातले दगड, त्यांची सावली आणि त्यांचं स्वच्छ पाणी शिल्लक ठेवणं आपल्या हातात आहे. माशाने ऊर्जा वाचवायची पद्धत लाखो वर्षांत तयार केली. ती चालते फक्त एका अटीवर, पाणी वाहतं असायला हवं.

पुढच्या पावसाळ्यात पानशेतला गेलात, तर पाण्यात उतरू नका, ते धोक्याचंच आहे. पण काठावर, सुरक्षित जागी थांबून एखाद्या ओल्या दगडाकडे नीट बघा. शेवाळासारखं काहीतरी हलेल, इंचभर सरकेल आणि पुन्हा स्थिर होईल. तो बहुतेक मासा असेल. हाफिझाबादहून निघालेला एक माणूस आयुष्यभर त्याच्याकडेच बघत होता.